नकाशात राहून गेलेले शेत

एकदा एका वृद्ध पाटकऱ्याकडे एक शिक्षिका पाणी शिकायला गेली.

गाव नदीकाठी वसलेले होते. नदीवर पूर्वजांनी घातलेला दगडी बंधारा होता. त्यातून निघालेला पाट साऱ्या शिवाराला वळसा घालून जाई आणि त्या पाटाचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा व किती सोडावे, हे पाहण्याचे काम परंपरेने एकाच माणसाकडे असे. त्याला गाव पाटकरी म्हणे. हा वृद्ध चाळीस वर्षे पाटकरी होता. अलीकडे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्याने फावडे पुतण्याच्या हाती दिले. तथापि पाण्याचा तंटा उद्भवला की गाव अजूनही त्याच्याच ओट्यावर येई. लहानथोर त्याला आबा म्हणत.

शिक्षिका त्या गावच्या चार इयत्तांच्या शाळेवर नुकतीच बदलून आली होती. मुलाने जग शिकायचे ते स्वतःच्या उंबऱ्यापासून, अशी तिची दृढ श्रद्धा होती. म्हणून शनिवार उजाडला की ती सत्तावीस मुलांना घेऊन बाहेर पडे. एका शनिवारी मुलांनी दोरीने पाटाची रुंदी मोजली. दुसऱ्या शनिवारी बंधाऱ्यावर बसून त्यांनी आबांकडून पाटाच्या एकेका वळणाचे नाव ऐकून घेतले. ‘शेपटी भिजली की अंग भिजतंच,’ ही गावची म्हणही त्यांना तिथेच मिळाली. तिचा अर्थ असा की, पाणी आधी अगदी शेवटच्या शेताला द्यायचे आणि मग तोंडाकडे सरकत यायचे. म्हणजे शेवटचा कधी कोरडा राहत नाही.

हे सारे शिकून मुलांनी शाळेच्या भिंतीवर गेरू, चुना आणि नीळ यांनी शिवाराचा मोठा नकाशा काढला. नदी, बंधारा, पाट आणि पाटाखालचे प्रत्येक शेत मालकाच्या नावासह त्यात होते. शिक्षिकेने तो बारकाईने तपासला. तिला एकच उणीव आढळली. गावातील प्रत्येक घराचे शेत नकाशात होते. ज्याने पाट शिकवला, त्याचेच नव्हते. तिने तांबड्या खडूने कोपऱ्यात लिहिले : ‘आबांचे शेत राहिले. शोधून दाखवा.’ मुलांनी ते वाचले आणि एकमेकांकडे पाहिले. बाईंची चूक काढणे त्या गावच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून कोणीच काही बोलले नाही.

पुढे गावाने शाळेमागची जागा परसबागेसाठी दिली आणि पाटाचे पाणी दर शनिवारी सकाळी एक तास शाळेच्या नावे केले. शिक्षिकेने एका रांगेत सत्तावीस वाफे आखून घेतले. ज्याचा त्याला एक. वाफ्यांच्या कडेने पाण्याचा लहानसा दंड काढला. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी मातीचे एक दार. ते फोडले की पाणी आत जाई, मातीने बुजवले की पुढे जाई. पाणी देण्यासाठी तिने कौतिका नावाच्या मुलीची निवड केली. चौथीतली ही मुलगी शाळेत सर्वांत प्रामाणिक. सापडलेली पेन्सिलसुद्धा ती तीन वर्गांत फिरून ज्याची त्याला पोहोचवी. पाणी समान मिळावे म्हणून एक हिशेबही ठरला : कौतिकाने शेवटच्या वाफ्यापासून आरंभ करायचा आणि प्रत्येक दाराशी मोठ्याने शंभर अंक मोजायचे. नव्याण्णवला कोणी हलायचे नाही, एकशेएकला कोणी थांबायचे नाही.

व्यवस्था निर्दोष दिसत होती. महिनाभरात मात्र एक विपरीत गोष्ट दिसू लागली. पाटाकडून मोजले तर पहिले अकरा वाफे हिरवेगार होते आणि बाराव्यापासून पुढचे सारे फिके. शिक्षिकेला वाटले, तिकडची माती हलकी असावी. तिने स्वतः घमेल्याने शेणखत वाहून नेले. फरक पडला नाही.

शेवटचा, सत्ताविसावा वाफा उखाचा होता. हा पोरगा बोलका आणि थोडा वात्रट. एका सोमवारी त्याचा बाप झिपरू मिरचीचे वाळलेले रोप हातात धरून शाळेत आला आणि ते त्याने बाईंच्या टेबलावर ठेवले.

“बाई, हे तुमचं पीक.”

“झिपरूभाऊ, दोन शनिवार धीर धरा. खत घातलंय मी.”

“खताचं नाही हो. पोरगं घरी येऊन सांगतं, कौतिकानं पाणी चोरलं.”

“मी असं नाही म्हटलं,” उखा दारामागून म्हणाला. “मी म्हटलं, माझ्या वाफ्यात शंभर आकडे येतात, पाणी येत नाही.”

“तू गप. बाई, शेतीच शिकवायची तर घरी आम्ही काय मेलोत? तुम्ही पुस्तक शिकवा.”

“अहो, पोरांचं भांडण आहे हे.”

“या गावात पाण्याचं भांडण पोरांचं नसतं,” झिपरू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच शिक्षिका अधिक अस्वस्थ झाली.

जिथे पीक पाटावर अवलंबून असते, तिथे शब्दांची वजने वेगळी असतात. त्या गावात कोणाला लबाड म्हटले तर माणसे आठ दिवसांत विसरत; पाणचोर हा शब्द मात्र आजोबाला चिकटला तर नातवाच्या सोयरिकीपर्यंत पुरे. संध्याकाळपर्यंत तो शब्द कौतिकाच्या घरी पोहोचला. तिचा बाप सुकलाल मितभाषी मनुष्य. त्याने शाळेच्या पायरीशी येऊन एवढेच सांगितले, “बाई, शनिवारी आबांना बोलवा. त्यांनी बघावं आणि सांगावं. पोरगी चोर ठरली, तर ती पुन्हा शाळेत यायची नाही. तोंड कसं दाखवील?” गावातल्या चार जाणत्यांनी त्यात भर घातली : तसे झाले तर परसबागही मोडायची आणि शनिवारच्या फेऱ्याही बंद करायच्या.

शिक्षिका आबांकडे गेली. “आबा, पोरगी निर्दोष आहे. तिच्यासारखी खरी मुलगी मी पाहिली नाही. तुम्ही फक्त येऊन तसं सांगा.”

आबा तंबाखू मळत होते. “बघतो,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी अर्धे गाव परसबागेच्या कुंपणाशी उभे होते. आबा एका पालथ्या घमेल्यावर बसले. पाणी आले. कौतिकाने परकराचा ओचा खोचला, फावडे उचलले आणि तोंडाकडून शेपटीकडे जात एकेक दार बुजवीत गेली. मग शेवटच्या दाराशी उभी राहून तिने मोजायला सुरुवात केली. आकडा एकही चुकला नाही. लोकांचे ओठही तिच्याबरोबर हलत होते. शंभर झाले की ती एक दार तोंडाकडे येई. सत्तावीसही वाफ्यांना शंभर मिळाले, तिच्या स्वतःच्या वाफ्यालाही शंभरच. शिक्षिकेने सुटकेचा श्वास टाकला.

आबांनी मात्र आकडे ऐकलेच नव्हते. त्यांची नजर सारा वेळ मुलीच्या पायांकडे होती.

ते उठले. दंडाच्या कडेने एकेका दाराची माती बोटाने चाचपत गेले. अकराव्या वाफ्याशी थांबले. “हा कुणाचा?”

“माझा, आबा,” कौतिका म्हणाली.

वाफ्यात वांग्याची सोळा रोपे होती. गुडघ्याएवढी, नुकतीच कळी धरू लागलेली. तसा वाफा साऱ्या रांगेत दुसरा नव्हता. आबांनी ती डोळे भरून पाहिली.

“छान राखलीस. आता ही मुळाच्या मातीसकट उचल. बाराव्यापासून शेवटपर्यंत सोळा वाफे आहेत. एकेका वाफ्यात एकेक लाव. एकही रोप मरता कामा नये.”

कौतिकाने बापाकडे पाहिले. सुकलालने मान खाली घातली होती. मग ती गुडघ्यावर बसली आणि खुरप्याने रोपे सोडवू लागली. जमीन ओली होती. माती मुळांना बिलगून आली. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण हात सावकाश चालत होते. सोळावे रोप तिने उखाच्या वाफ्यात लावले. उखाने रोपाला काडीचा टेकू दिला.

मग आबांनी स्वतः रिकामा वाफा सपाट केला, जणू तो तिथे कधी नव्हताच.

“झाला न्याय,” झिपरू पुटपुटला.

आबांनी मातीत पडलेले फावडे उचलले, पुसले आणि पुन्हा कौतिकाच्या हातात दिले. “पुढच्या शनिवारी पाणी हीच सोडील. तिच्या पुढच्याही शनिवारी.”

आता मात्र सगळे गोंधळले. ज्या हाताने चोरी केली, त्या हातात कोणी फावडे देत नाही. आणि ज्याने चोरी केली नाही, त्याचा वाफा कोणी मोडत नाही.

“आबा,” झिपरू म्हणाला, “चोर म्हणायचं की साव म्हणायचं, एक काय ते ठरवा.”

“ठरवलं की. तू घरी जा, चहा पी,” असे म्हणून आबा काठी टेकत निघून गेले.

शिक्षिकेला दिवसभर चैन पडले नाही. सर्वांत गुणी मुलीला सर्वांदेखत अशी शिक्षा, आणि तीही आपण ज्याला गुरू मानले त्याच्याकडून. दुपार कलल्यावर तिने कौतिकाचा हात धरला आणि दोघी आबांच्या घरी गेल्या. आबा घरी नव्हते. “शेतात गेलेत,” पुतण्याची बायको म्हणाली आणि तिने टेकडीकडे बोट केले.

शिक्षिका चकित झाली. तिकडे तर पाट जात नव्हता. चढण चढून त्या वर पोहोचल्या, तेव्हा आबा एका उताराच्या तुकड्यावर धोंडे वेचून बांधाला लावत होते. जमीन मुरमाड होती. पावसावर आलेली बाजरी कधीच कापली गेली होती. उरली होती ती करडी धसकटे. तिथून खाली पाहिले की सारे शिवार दिसे. पाटाच्या रेघेपर्यंत हिरवे, आणि रेघेच्या अलीकडे हे.

शिक्षिका काही बोलण्याआधीच कौतिकाने विचारले, “आबा, मी चोरी केली का?”

“नाही.”

“मग माझा वाफा का मोडला?”

आबा बांधावर बसले. त्यांनी मुलीलाही शेजारी बसवले. “दार बुजवताना तू काय करतेस, ते सांग.”

“फावड्यानं माती टाकते.”

“आणि मग?”

कौतिकाने आठवून पाहिले. “टाचेनं दाबते.”

“सगळ्या दारांवर टाचेनं दाबलीस. अकराव्यावर हातानं थोपटलीस. लेकराला थोपटावं तशी.”

मुलगी आपल्या तळहाताकडे पाहू लागली. तिला ते खरोखरच ठाऊक नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून शिक्षिकेला स्पष्ट दिसले. दाबलेल्या दारातून पाणी झिरपत नाही. थोपटलेल्या दारातून झिरपते. बाराव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत पाणी चालले असता सारा वेळ त्याची एक धार अकराव्या वाफ्यात मुरत होती. त्या सोळा वाफ्यांना आकडे पुरे मिळत, पाणी अपुरे. आपण त्यांची माती हलकी ठरवली, खत वाहिले. पण हिरवा रंग नेमका कोणत्या वाफ्याशी संपतो, हे पाहिले नाही, याची शिक्षिकेला मनोमन लाज वाटली.

“बाई,” आबा म्हणाले, “तुम्ही खरी पोर निवडली, तिथे चूक नाही. खोट्या माणसावर गाव नजर ठेवतं. खऱ्यावर कोण ठेवणार? तो स्वतःही ठेवत नाही. मी पाटकरी झालो, तेव्हा माझं शेत खाली पाटावरच होतं. ते निंबाचं झाड दिसतं ना, तिथे. सगळे म्हणत, आबासारखा नेकीचा माणूस नाही, आणि मलाही ते पटलं होतं. दोन वर्षं गेली. एक दिवस माझी बायको म्हणाली, ‘अहो, पाळी दुसऱ्याची असताना आपल्याच दाराची माती ओली कशी?’ मी रागावलो तिच्यावर. दोन दिवस जेवलो नाही. मग जाऊन बघितलं. ओली होती.”

त्यांनी शेजारचा एक धोंडा बांधावर नीट बसवला. “फावडं परत देणार होतो. तीच म्हणाली, ‘फावडं देऊन काय होईल? पुढचाही माणूसच असेल.’ मग शेत चुलत भावाला दिलं आणि त्याच्या बदल्यात ही टेकडी घेतली. त्या दिवसापासून रात्री झोप लागायला लागली. हात खरा ठेवायचा असेल, तर त्याला ओढणारी वस्तू त्याच्या वाटेतून काढावी लागते. हिला पाणी वाटता येतं, बाई. माझ्यापेक्षा बरं येतं. म्हणून फावडं ठेवलं आणि वाफा काढला.”

कौतिकाने खाली शिवाराकडे पाहिले. “म्हणजे तुमचं शेत पाटावर नाही,” ती सावकाश म्हणाली, “कारण पाट तुमच्या हातात होता.”

“हां,” आबा म्हणाले. “आता ऊठ. धोंडे वेचू लाग. आलीसच आहेस तर.”

पुढच्या शनिवारी कुंपणाशी गर्दी अधिक होती. पाणी यायला वेळ होता. कौतिका दंडाच्या तोंडाशी उभी राहिली आणि कोणी सांगितले नसताना म्हणाली, “माझ्या दारातून पाणी गळत होतं. मला कळलं नाही. पण गळत होतं. मागच्या सोळा वाफ्यांना कमी मिळालं, ते त्याच्यामुळे.”

झिपरूने खाकरून घसा साफ केला. “गळालं असं आपण होऊन सांगणारा पाणचोर मी जन्मात नाही बघितला,” तो म्हणाला. मग सुकलालकडे वळून, “तंबाखू आहे का?” सुकलालने चंची काढून त्याच्यापुढे धरली. गावात तंटा मिटल्याची याहून वेगळी पावती कोणी मागत नसे.

पाणी आले. कौतिकाने तोंडापासून शेपटीपर्यंत एकेक दार टाचेने दाबले. जिथे अकरावा वाफा होता तिथे दार नव्हते. आता वाफे सव्वीस होते. ती न थांबता पुढे गेली. शेवटच्या वाफ्याशी उभी राहून तिने मोजायला आरंभ केला, तेव्हा उखाच्या वाफ्यात पाणी इतक्या जोराने शिरले की त्याची चप्पल वाहू लागली.

“पाटकरीणबाई, जरा बेतानं,” उखा ओरडला, “मिरची पोहायला शिकली नाही अजून.”

“मध्ये बोलू नकोस. आकडा चुकेल,” ती म्हणाली, आणि हसली.

त्या सोळा रोपांपैकी एकही मेले नाही. माघ उलटता उलटता बाराव्यापासूनचे वाफेही पहिल्या दहांच्या बरोबरीला आले. भाजी निघाली, तेव्हा शिक्षिकेला एक चिंता लागून राहिली : साऱ्या मुलांनी आपापली जुडी घरी न्यायची आणि कौतिकाने रिकाम्या हाताने जायचे, हे कसे पाहवणार? आपल्या घरून काही आणून द्यावे, असा विचार तिने केलाही. पण तिला काहीच करावे लागले नाही. भाजी काढून झाल्यावर मुलांनी, जणू ते ठरलेलेच होते, कौतिकाभोवती रांग धरली. कोणी मेथीची मूठ दिली, कोणी कोथिंबिरीच्या चार काड्या, कोणी तिच्याच रोपाचे वांगे. उखाने एक वाकडी मिरची दिली आणि ‘ही सगळ्यात तिखट आहे, जपून,’ अशी सूचनाही.

“हे तुम्हांला कुणी सांगितलं?” शिक्षिकेने विचारले.

मुलांना प्रश्नच कळला नाही. “पाटकऱ्याला द्यायचीच असते, बाई,” एक मुलगी म्हणाली. “आमच्या घरून आबांना दर पिकाची पेंढी जाते. प्रत्येक घरून जाते.”

कौतिकाने ओचा पसरला होता आणि तो दोन्ही हातांनी सावरून धरला होता. तिचा स्वतःचा वाफा नव्हता. पण सव्वीस वाफ्यांपैकी असा एकही नव्हता, ज्यातले काही तिच्या ओच्यात आले नाही.

मुले घरी गेली. शिक्षिका वर्गात एकटी उरली. भिंतीवर नकाशा होता : निळी नदी, पांढरा बंधारा, पाटाखाली घराघराची शेते. मुलांनी पाटाची नावे आणि वळणे नीट शिकली होती, आणि त्यापलीकडचे काही, जे शिकवण्याचे तिच्या मनातही नव्हते, ते त्यांनी न शिकवता नकाशात बरोबर उतरवले होते.

कोपऱ्यात ‘आबांचे शेत राहिले’ हा तिचा तांबडा शेरा अजून तसाच होता. तिने फडके ओले केले आणि तो पुसून टाकला.